बापटांचे बारा शुक्रवार

चार मराठी माणसं परदेशात दर महिन्याला एकत्र जेवली की किस्से आपोआप साठतात. आमचे बहुतेक बापटांमुळे साठले. बापट म्हणजे मस्कतच्या अल् घुब्रातले आमचे शेजारी, सिव्हिल इंजिनियर. रिटायर होऊन पुढच्या जूनअखेर कायमचे पुण्याला निघणार होते. मस्कतपासून दीड-दोन तासांवर डोंगरात धरणाचा एक तलाव आहे. जाण्याआधी तिथे सलग बारा महिने, दर महिन्याला एक शुक्रवार, असा त्यांनी पणच केला. "निसर्ग बारमाही असतो, आपण सीझनल का?" असा मेसेज ग्रुपवर आला. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

*

सुरुवात जुलैत. बाहेर शेहेचाळीस डिग्री. आम्ही एसी लावून गाडीतच पोहे खाल्ले. बापटांनी काचेतून फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'निसर्गाच्या कुशीत.'

*

हुसेनभाई मूळचे रत्नागिरीचे, रुवीच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. ऑक्टोबरात त्यांनी भाजायला सुरमई आणली. बापटांनी वारा बघून गॅसच्या शेगडीची जागा तीनदा बदलली. शेवटी हुसेनभाई म्हणाले, "बापटसाहेब, मासा दोन दिवस बर्फात होता. त्याला आता वाऱ्याचं काय?"

*

डिसेंबरात हवा झकास. पण बापटांची ताडपत्री होतीच. चार दोऱ्या, आठ खुंट्या, शिवाय सपाटी तपासायची लेव्हल. ती मनासारखी बांधून होईपर्यंत ऊन उतरलं, मग सोडायला घेतली.

*

सलीम तिथला ओमानी रखवालदार. फेब्रुवारीत पोह्यांची प्लेट हातात घेऊन तो आमच्याकडे बराच वेळ बघत होता. आमच्या खुर्च्या नेहमीप्रमाणे शेगडीभोवती गोल मांडलेल्या. "तालाब पीछे है," तो म्हणाला. "तुम लोग इधर क्या देखता है?"

"गॅस," बापट म्हणाले.

*

मे महिन्यात बापटांना ताप भरला. तरी मागच्या सीटवर आडवे होऊन आले. तिथे उतरलेसुद्धा नाहीत. आम्ही बापटवहिनींना म्हटलं, अहो, घरी ठेवायचं ना.

"हे राहिलेही असते," वहिनी म्हणाल्या. "पण एक्सेलशीटमध्ये मे रिकामा दिसला असता."

*

जूनचा शुक्रवार शेवटचा. सामान पुण्याला रवाना झालेलं, तिकीट काढलेलं. मला खरंच वाईट वाटत होतं. ऊन टाळायला पहाटेच निघालो आणि उजाडता उजाडता पोचलो. बापटांनी डिकी उघडली, तर आत एक थर्मास आणि एक घडीची खुर्ची. ताडपत्री, शेगडी, पातेली, सगळं वहिनींनी मुद्दाम घरी ठेवलेलं.

वहिनींनीच खुर्ची पाण्याकडे तोंड करून मांडली. "बसा," म्हणाल्या.

बापट बसले. बांधायला काही नव्हतं, हलवायला काही नव्हतं. चहा हातातच गार झाला. बऱ्याच वेळानं त्यांनी सलीमला जवळ बोलावलं.

"सलीम, ये पानी हमेशा इतना हरा रहता है?"

सलीमनं आधी पाण्याकडे पाहिलं, मग बापटांकडे.

"बारा महीना, इंजिनियर."