पोर्तार म्हणजे गोली

कुठल्याही दारातून आत जायच्या आधी ते थांबायचे. डाव्या चौकटीला हात, मग उजव्या चौकटीला हात, मग तळव्यावर तळवा एकदा आपटून आत. दार स्वतःच्या घराचं असो, बेकरीचं असो की केमिस्टचं. मागे रांग लागली तरी घाई नाही. तुम्ही फुटबॉल बघत असाल तर ओळखलंच असेल. मॅच सुरू होण्याआधी काही गोली, म्हणजे गोलकीपर, असंच करतात.

आता असा माणूस, आणि वर्ष कोरोनाचं. मेलबर्नमध्ये लोक लिफ्टचं बटणसुद्धा कोपराने दाबत होते, आणि डँडेनॉन्ग उपनगरातला हा म्हातारा दिसेल त्या दाराला दोन्ही हात लावत फिरत होता. केमिस्टच्या दारात सॅनिटायझर घेऊन बसलेली पोरगी म्हणाली, "प्लीज, दाराला हात नको." यांनी जरा विचार केला आणि कोपर लावलं. डावं, मग उजवं. "आता चालेल?" ती मास्कच्या आत हसली असावी. पुढच्या वेळी गेलो तर तिनेच चौकट पुसून ठेवली होती.

ते माझे शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक लाकडी कुंपण आणि त्यावर वाकलेलं त्यांचं लिंबाचं झाड. वय ऐंशीच्या पुढे, बायको गेलेली, एकुलती एक मुलगी पर्थला. त्यांचं नाव मला धड उच्चारता येईना आणि माझं त्यांना. म्हणून ते मला 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणत आणि मी त्यांना 'आजोबा'. 'आजोबा'चा अर्थ सांगितला तेव्हा फार खूश झाले. मुलीला मूलबाळ नाही, हे मला नंतर कळलं.

मी इथे शिकायला आलो आणि इथलाच झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. तेव्हा एका फ्रोझन भाज्यांच्या कारखान्यात क्वालिटीला होतो, त्यामुळे लॉकडाऊनमध्येही माझी शिफ्ट चालू. घरी आलो की आजोबा कुंपणापाशी खुर्ची टाकून बसलेले असत. दोघांमध्ये नियमात बसेल एवढं अंतर, आणि विषय एकच. त्यांचे वडील.

वडील रोमानियात गोली होते. दोन महायुद्धांच्या मधला काळ, रेल्वे कामगारांचा संघ. डोक्यावर टोपी, अंगात आईने विणलेला स्वेटर, आणि पावसात भिजला की दगड होणारा चामड्याचा चेंडू.

"मोठे खेळाडू होते?" मी विचारलं.

"दोन नंबरचे गोली होते," ते ताठ मानेने म्हणाले.

त्याचा अर्थ मला हळूहळू कळला. त्या काळी खेळ सुरू झाल्यावर बदली खेळाडू उतरवायची सोयच नव्हती. एक नंबरचा आधीच आजारी पडला तरच दोन नंबरचा उभा राहणार, आणि एक नंबरचा बैलासारखा धडधाकट. त्यामुळे वडिलांची बरीच कारकीर्द मैदानाच्या कडेला कोट घालून बसण्यात गेली.

"एकदा त्याला खोकला झाला," आजोबा सांगत. "पप्पांनी बुटांना तेल लावून ठेवलं. मॅचच्या दिवशी खोकला गेला."

अखेर एक नंबरच्याला खोकल्याने नाही, तर लग्नाने गाठलं. तो बोहल्यावर चढला आणि वडील गोलमध्ये उभे राहिले. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्या दिवशी त्यांनी सात गोल खाल्ले होते. थंडी सरेपर्यंत ते पाचावर आले. झाडाला नवी पालवी फुटली तेव्हा चार.

"आजोबा, गेल्या वेळी पाच होते."

"एक ऑफसाइड होता. मी नंतर विचार केला त्यावर."

पण सात असोत की चार, एक गोष्ट कधी बदलली नाही. शेवटी शेवटी समोरच्या संघाला एक पेनल्टी मिळाली आणि ती वडिलांनी डावीकडे झेप घेऊन अडवली. हे सांगताना आजोबा खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडे कलायचे आणि ते पडतील म्हणून मी अर्धा उठायचो. त्या एका पेनल्टीच्या जोरावर पुढचे काही हंगाम वडीलच एक नंबर. मग युद्ध आलं आणि मैदानावर लष्कराचे घोडे बांधले.

युद्धानंतर सगळं कुटुंब बोटीने ऑस्ट्रेलियात आलं. उतरल्यावर अधिकाऱ्यांनी वडिलांना विचारलं, काय काम करतोस? ते म्हणाले, पोर्तार. रोमानियन भाषेत पोर्तार म्हणजे गोली. आणि पोर्तार म्हणजे दारवानसुद्धा. दुभाष्याने दारवान सांगितलं, आणि एका कारखान्याच्या गेटवरचं काम मिळालं. तेच त्यांनी रिटायर होईपर्यंत केलं.

"पण रेल्वेत काहीतरी काम करत असतील ना?"

"फिटर होते. पण तू कोण म्हणून विचारल्यावर माणूस फिटर कशाला सांगेल?"

रोज संध्याकाळी मुलीचा पर्थहून फोन यायचा. आजोबा स्पीकरवर बोलत, त्यामुळे मलाही सगळं ऐकू यायचं. "डॅड, पुरे ना आता. ग्रँडपा गेटवर होता. मी माझ्या डोळ्यांनी त्याला गेटवर बघितलंय. गोलकीपर कधी होता?" फोन ठेवल्यावर आजोबा बराच वेळ लिंबं चाचपत बसायचे.

"तिचं चुकत नाही, मेट," एकदा म्हणाले. "पप्पांना खेळताना मीसुद्धा नाही पाहिलं. मी पाळण्यात होतो. पाहिलेला माणूस आता जगात कोणी उरला नाही. माझ्यानंतर ती एकटीच. ती नाही म्हणाली, की ती पेनल्टी झालीच नाही."

तुझे वडील काय करायचे, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं. कोल्हापूरला कॉलेजच्या गेटवर होते. त्याच गेटमधून मी आत गेलो आणि डिग्री घेऊन बाहेर आलो.

आजोबा खुर्चीतून उठले. "पोर्तार."

"फुटबॉलचे नाही, आजोबा. वॉचमन."

"पोर्तार म्हणजे पोर्तार," ते म्हणाले, आणि विषय संपला. तेव्हापासून रोज विचारायचे, आज तुझा गोली कसा आहे?

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र गेटचं नाव काढलेलं चालायचं नाही. "तिथं कुणाला सांगत बसू नकोस. कॉलेजात होते म्हण, बास." पण शेजारी गोलीचा मुलगा राहतो म्हटल्यावर फुटबॉलवेड्या कोल्हापूरचा माणूस किती दिवस दम धरणार? एका रविवारी मी कुंपणावर फोन उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला.

आजोबांनी पहिलाच प्रश्न टाकला. "विचार त्यांना, किती सोडले?"

"आबा, किती सोडले म्हणून विचारतायत."

"सोडले म्हंजे? समदी पोरं सोडली की. न सोडून कुणाला सांगतोस?"

"सगळे," मी भाषांतर केलं.

आजोबांचा चेहरा उतरला. "डिफेन्स कच्चा असेल. एकसुद्धा नाही अडवला?"

आबांनी कान खाजवला. "एक अडवलावता. आमदाराचा भाचा. ओळखपत्र न्हाई, काय न्हाई, बुलेट घेऊन घुसत हुता. नोकरी जाती का काय वाटलंवतं."

"कुठल्या बाजूने घुसत होता?"

"डावीकडनं. उजवीकडं साखळी हुती."

"डावीकडून," मी सांगितलं.

आजोबा खुर्ची सरकवून उभे राहिले. मग छातीवर हात ठेवून फोनसमोर वाकले. "डावीकडचा सगळ्यात अवघड. पप्पा म्हणायचे."

"काय म्हणतंय म्हातारं?" आबांनी विचारलं.

"म्हणतायत, तुम्ही मोठे गोली."

आबांनी शर्टाची कॉलर सरळ केली. पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. "लाव की त्या गोलीला," स्वतःच म्हणाले.

कोरोनात इथल्या राज्यांनीही आपापल्या सीमा बंद केल्या होत्या; पर्थकडची सगळ्यात शेवटी उघडली. मुलगी आली ती आजोबांना कायमचं घेऊन जायलाच. घर आवरून झालं, आजोबा गाडीत पुढे बसले, मी डिकीत बॅगा लावत होतो. शेवटची बॅग आणायला ती घराकडे गेली आणि दारापाशी थांबली. डाव्या चौकटीला हात. उजव्या चौकटीला हात. तळव्यावर तळवा आपटून आत.

बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. जरा ओशाळून म्हणाली, "जुनी खोड. ग्रँडपा त्याशिवाय आम्हाला घरात घ्यायचा नाही."

"दारवान असं करतात?" मी विचारलं.

तिने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. मग दाराकडे. स्टिअरिंगवर जाऊन बसली, पण गाडी सुरू करेना.

"डॅड," ती म्हणाली, "त्या मॅचला ग्रँडपाने किती गोल खाल्ले होते?"

आजोबांनी उघड्या काचेतून एकदा माझ्याकडे बघितलं.

"सात," ते म्हणाले. "पण एक अडवला."

"कसा?"

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मागच्या काचेतून ते मला दिसले. पट्टा लावलेला असूनही पुरते डावीकडे कललेले.