चिंतामणरावांचा वीरगळ

आमच्या सांगलीच्या इतिहासप्रेमी मंडळात सर्वांत तरुण मी. वय त्रेपन्न. सचिव आहे, म्हणजे सतरंजी मी घालतो आणि चहाही मीच सांगतो. बाकी सगळे पंचाहत्तरीच्या अलीकडेपलीकडे, आणि सर्वांच्या वर अध्यक्ष चिंतामणराव.

चिंतामणरावांची उभी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. गोठा जळला की जाळला, म्हैस मेली की पाहुण्यांकडे गेली, हे हुडकता हुडकता त्यांची नजर कायमची तिरपी झाली. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं खुर्ची ठेवून घेतली, नजर मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. भाजीवाल्यानं कोथिंबीर वर टाकली तर हा माणूस ती जुडी उलटीपालटी करून बघतो. "आज का दिली?" असं बायकोला, विनोदिनीकाकूंना, विचारतो. काकू म्हणतात, "उद्या त्याच्यावर खटला भरा. आज चटणी होऊ दे."

तरुणपणी अशाच एका दाव्याच्या चौकशीला ते वडूजकडे गेले असताना, तिथल्या माळावर त्यांना एक वीरगळ सापडला. लढाईत पडलेल्या कुणा वीराची कोरीव शिळा. तो त्यांच्या आयुष्यातला एकुलता एक शोध. त्यावर त्यांनी असंख्य व्याख्यानं दिली, पण जागा कधी सांगितली नाही. "खटाव तालुक्यात एके ठिकाणी," बस्स. जागा कळली की दगड चोर नेतील आणि शोधाचं श्रेय दुसरा कुणी नेईल, ही भीती. त्यातलं दुसरं दुःख त्यांना जास्त झालं असतं असं मला वाटतं.

मंडळात नवं रक्त यावं असा ठराव आम्ही दरवर्षी करतो. आलेल्या रक्तानं वर्षभर 'श्रोता सभासद' राहायचं, सभेत तोंड उघडायचं नाही, असा नियम चिंतामणरावांनीच केलेला. त्यामुळे रक्त येतं आणि परस्पर वाहून जातं. पण यंदा आलेली भार्गवी आणि शिवतेज टिकली. एक मुलगी आर्किटेक्चर शिकणारी, एक मुलगा इस्लामपूरला इंजिनिअरिंगला. रविवारी सकाळी अंघोळ करून येत आणि तोंड मिटून ऐकत.

"रविवारी सकाळी या वयाची मुलं जागी असतात?" चिंतामणराव माझ्या कानात म्हणाले. "यामागं काहीतरी आहे."

एका सभेनंतर जिन्यात ती दोघं बोलताना त्यांनी ऐकली. "शनिवारी वडूजला जाऊ. दगड नीट सगळ्या बाजूंनी घेता येईल."

"घेता येईल!" चिंतामणरावांचा चेहरा हळदीसारखा झाला. "माझा वीरगळ उचलतायत, सचिव. गाडी काढा."

शनिवारी आम्ही माळावर पोचलो. गाडी लांब ठेवून चिंतामणराव बाभळीच्या झुडपाआड बसले आणि त्यांनी मलाही खाली ओढलं. समोर ती दोघं मोबाईल हातात धरून वीरगळाभोवती हळूहळू फिरत होती.

"प्रदक्षिणा! गुप्तधनाचा विधी आहे हा!"

"फोटो काढतायत, काका."

"तुम्ही भोळे. म्हणून तुम्हाला सचिव केलंय."

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "काय रं, झुडपात काय करताय?"

नाथाजी नावाचे मेंढरंवाले म्हातारे उभे होते, हातात काठी, मागं गावातले दोघं. त्यांनी चिंतामणरावांची पिशवी उघडायला लावली. आत पीठ, कारण झिजलेल्या अक्षरांत पीठ चोळलं की ती वाचता येतात. हळद, काटा लागला तर. आणि लिंबं, सरबताला.

"पीठ, हळद, लिंबं," नाथाजी म्हणाले. "गुप्तधन काढाय आलाय व्हय? लय वयस्कर हाय की ह्यो मांत्रिक!"

"मी अध्यक्ष आहे!"

"कशाचा?"

गलका ऐकून भार्गवी आणि शिवतेज धावत आली. चिंतामणराव ओरडले, "भार्गवी, सांग यांना मी कोण आहे!"

भार्गवीनं गंभीरपणे विचारलं, "काका, मी श्रोता सभासद. बोलू का?"

"बोल! सचिव, लिहून घ्या, नियम रद्द!"

काठीच्या सावलीत मंजूर झालेला आमच्या मंडळाचा हा पहिलाच ठराव. अनुमोदक मी. मग शिवतेज पुढं झाला. "आवं आजोबा, सोडा. आमच्या मंडळाचं मोठं मानूस हाय. मी सुलाबाईंचा नातू, इथंच माझं आजोळ." सुलाबाईंचं नाव ऐकून काठी खाली आली.

"मग झुडपात का बसलाय ह्यो?" नाथाजींनी विचारलं. चिंतामणराव लिंबं मोजून पिशवीत भरू लागले.

ते गेल्यावर चिंतामणरावांनी चौकशी सुरू केली. जागा कशी कळली? शिवतेज म्हणाला, मंडळात लावलेल्या तुमच्या वीरगळाच्या फोटोत मागं जो डोंगर आहे, तो बघतच मी लहानाचा मोठा झालो. शोध कुणाच्या नावावर टाकणार? भार्गवीनं मोबाईल पुढं केला. पडद्यावर, सगळे फोटो जोडून केलेला वीरगळ गोल गोल फिरत होता, आणि खाली 'शोध: चिंतामणराव' असं लिहिलेलं. चिंतामणरावांनी ते चष्मा पुसून वाचलं.

"आणि जागा?" आवाज बारीक झाला होता.

"ती कोरी ठेवलीय. लोकांचा काय भरवसा, काका? आज इंटरनेटवर फोटो बघतील, उद्या ट्रॅक्टर घेऊन येतील. मी तर घरीसुद्धा सांगितलं नाही."

चिंतामणराव तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या मायेनं त्यांनी नातवंडांकडेही पाहिलेलं मला आठवत नाही. "या महिन्यापासून तुम्ही दोघं पूर्ण सभासद," ते म्हणाले.

परतताना दोघं आमच्याच गाडीत बसली, मोटारसायकल आजोळी ठेवून. चिंतामणरावही मागं त्यांच्याशेजारीच बसले. मग मागून भार्गवीचा हळू आवाज आला, "काका, या सचिवकाकांना जागा माहीत झाली. हे कुणाला सांगणार नाहीत ना?"

मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवरून तिघंही माझ्याकडे तिरप्या नजरेनं बघत होती.

"मलाही सकाळपासून तीच शंका आहे," चिंतामणराव म्हणाले.