भिकूदादांचा षट्कोनी घरांचा पट

"पहिली खेळी तुझी," म्हणत भिकूदादा चिंचोक्यांची वाटी माझ्याकडे सरकवत, तेव्हाच मला धास्ती वाटे. मी ऐटीत पटाच्या मधोमध चिंचोका ठेवला, की ते वाटीसकट तो खुशाल आपला करून घेत आणि आपल्या शिंपल्यांची वाटी माझ्या पुढ्यात ढकलत. वर साळसूदपणे म्हणत, "नियम हाय."

रोह्याच्या कारखान्यात आम्ही एका शिफ्टला. गावही एकच, पेणच्या खाडीपट्ट्यातलं. मी रोह्यालगतच्या अष्टमी गावात बिऱ्हाड केलं; ते मात्र रोज गावाहून ये-जा करत. खेळ त्यांना एका शिकाऊ इंजिनिअरने मोबाइलवर दाखवला होता. यांनी प्लायवर मोठा नट ठेवून पेन्सिल फिरवत घराला घर लावून सहाकोनी घरांचा तिरपा चौकोनी पट आखला. समोरासमोरचे दोन काठ एकाचे, उरलेले दोन दुसऱ्याचे. आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवायची. ठेवली की हलवायची नाही, मारायची नाही. आपले दोन काठ सलग जोडले की जिंकलं. बरोबरी होतच नाही. पहिली खेळी करणाऱ्याला फायदा फार, म्हणून दुसऱ्याला मुभा: हवी तर पहिल्याची ती सोंगटी आणि बाजू आपली करायची.

मी त्यांच्या सोंगटीला चिकटून अडवायला गेलो की ते वैतागत. "अरे, बांधाला खांड पडली तर पान्याच्या तोंडात माती टाकतोस काय? वाहून जाते ती. मागं सरून नवा बांध घाल." स्वतःच्या दोन सोंगट्यांमध्ये ते नेहमी दोन मोकळी घरं ठेवत. मी एक बुजवलं, की दुसऱ्यातून ते पार.

वडील गेल्यावर शेताच्या वाटणीवरून माझं आणि धाकट्या दिनूचं बोलणं बंद झालं. रस्त्याकडची जमीन दोघांना हवी, खाडीकडची कुणालाच नको. गोष्ट वकिलापर्यंत गेली. जमिनीपेक्षा भाऊ तुटतोय याचं दुःख मोठं होतं, पण आधी बोलायचं कुणी? भिकूदादा रविवारी गावात दिनूशीही खेळत. एकदा डबा खाताना ते म्हणाले, "बाबू, काठ्या तू रोव. वाटा दिनू निवडंल. त्याला इचारलंय मी, तो व्हय म्हनालाय. अशा रोव, की पलीकडं बसाया लागलं तरी तुला वाईट वाटू नये."

पुढच्या रविवारी मी शेत पहिल्यांदाच दिनूच्या डोळ्यांनी पाहिलं. काठ्या रोवल्या, उपटल्या, पुन्हा रोवल्या. खाडीकडच्या वाट्याला जमीन जास्त दिली, रस्त्यापर्यंत गाडीवाट सोडली. दिनू आला, सगळं फिरला आणि म्हणाला, "मी रस्त्याकडचा घेतो." मला खरंच वाईट वाटलं नाही. जाताना तो म्हणाला, "दादा, घरी चल. जेवून जा."

गेल्या वर्षी भिकूदादा गेले. बाराव्याला त्यांच्या घरी वहिनींनी पट आणि दोन्ही वाट्या आणून दिल्या. "तुमी दोगांनी खेला, म्हनाले व्हते."

आम्ही तिथेच ओट्यावर बसलो. मी चिंचोका मधोमध ठेवला नाही. थोडा बाजूला ठेवला. दिनू बराच वेळ पाहत राहिला. मग डोळे पुसत त्याने चिंचोक्यांची वाटी आपल्याकडे ओढली.

"नियम हाय, दादा."

मी शिंपल्या घेतल्या.