ताणलेली दोरी

जर्मनीत डार्मश्टाटला बर्फावर सायकल घसरली आणि माझा उजवा खांदा कामातून गेला. तिथे फिजिओथेरपीला जाताना टॉवेल आपला आपणच न्यायचा असतो. मला काय माहीत! पहिल्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं आपल्या पिशवीतला जादा टॉवेल माझ्यापुढे धरला.

त्याच्याही खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. ऑक्टोबरात त्याला धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जायचं होतं, तेही हंगेरीत, कारण जर्मनीत अशा शिकारीला बंदी. मला फक्त माझ्या दीड वर्षाच्या लेकीला उचलून घ्यायचं होतं. त्या घाईत मी व्यायामाचा रबरी पट्टा जोरात ओढायचो आणि फाटकन सोडायचो. तो मात्र पट्टा गालापर्यंत आणायचा, थांबायचा आणि इंचाइंचानं परत न्यायचा.

"ओढायला काय, कुणीही ओढेल," एकदा तो म्हणाला. "बाण न सोडता ताणलेली दोरी सावकाश जागेवर नेता आली, की खांदा बरा झाला समजा."

मी त्याच्यासारखं करू लागलो.

नोव्हेंबरात तो बसस्टॉपवर भेटला. "मिळालं का हरीण?" मी विचारलं.

"समोर आलं होतं. मागून पाडस आलं. मग दोरी जागेवर नेली." खांदा गोल फिरवून तो हसला. "जराही दुखलं नाही!"

त्या दुपारी लेक माझ्या उजव्या खांद्यावर झोपली. मी तिला इंचाइंचानं गादीवर ठेवलं. ती जागी झाली नाही.