काळ्या गाजराचं पाणी

लखनौत काळी गाजरं मिळतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही साताऱ्याची माणसं. गाजर म्हणजे केशरी, फार तर लाल. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. नवरा हवाई दलात, बख्शी का तालाबच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार, आणि जवळच्याच मुलींच्या शाळेत मी रसायनशास्त्राची तात्पुरती बाई. सतत बदल्या होणाऱ्या आयुष्यातली ही माझी पहिली नोकरी होती. मला ती जिवापाड हवी होती आणि ती जाण्याच्या बेतात होती.

दहावीच्या मुली पुढे सरसकट होम सायन्स घ्यायच्या. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे बड़ी बहनजी म्हणत. त्यांनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "ग्यारहवीं में एक बेंच भर लड़कियाँ भी न मिलीं, तो साइंस बंद. फिर आपको भी कैसे रखें?"

मी जीव तोडून आम्ल आणि आम्लारी शिकवायची. मुली वेण्यांची टोकं चघळत खिडकीबाहेर बघायच्या. एकदा इतकी चिडले की खडू फेकला, तो फळ्यावर आपटून माझ्याच कपाळाला लागला. वर्षभरात मुली तेवढ्याच काय त्या मनापासून हसल्या.

जानेवारीतल्या एका रविवारी मी त्या काळ्या गाजरांचा हलवा करायला घेतला. किसलेलं गाजर पाण्यात कधीचं रटरटत होतं, शिजायचं नाव नाही. हरभरे शिजेनात की आई करायची तसा मी चिमूटभर खायचा सोडा टाकला. बघता बघता जांभळं पाणी निळं झालं, मग चक्क शेवाळी हिरवं! नवरा पातेल्यात डोकावून म्हणाला, "अगं, हे खायचंय की विमानाला लावायचंय?"

मी रडकुंडीला आले होते, आणि तेवढ्यात डोक्यात ट्यूब पेटली. एम.एस्सी. झालेली बाई मी, आणि पातेल्यापुढे रडतेय! हे तर गाजराचं लिटमस! वाटीत थोडं पाणी घेऊन अर्धं लिंबू पिळलं. आधी जरा फसफसलं, मग लालचुटुक झालं. मी अशी किंचाळले की शेजारची सरदारीण धावत आली. नवऱ्याचे दोन्ही हात धरून मी त्याला स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं. हलवा गेला खड्ड्यात.

सोमवारी नुसतं उकळलेलं जांभळं पाणी किटलीत भरून वर्गात नेलं. एका पेल्यात लिंबू पिळलं, दुसऱ्यात सोडा टाकला, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. खिडकीकडची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. "मैडम, फिर से!" मी म्हटलं, "अब तुम्हारी बारी. कल घर से जो चाहो ले आना."

मंगळवारी वर्गात जत्रा भरली. शाम्पू, आवळा, दंतमंजन, आंबलेलं दही. मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी दादीच्या पानदानातला चुना पुडीत बांधून घेऊन आली होती. तिचा पेला हिरवा होऊन कडेनं पिवळा पडायला लागला, तेव्हा ती बाकावर चढून ओरडली, "मेरा सबसे तेज़ है!" आपला पदार्थ काय करेल यावर पैजा लागल्या. कुणी विचारलं, "मैडम, लाल को वापस हरा कर सकते हैं?" कुणी माझ्या हातून किटलीच हिसकावली. इतक्या महिन्यांत जे प्रश्न विचारले गेले नव्हते, ते आता एकावर एक येऊन आदळत होते आणि उत्तरं देतानाही मला हसू आवरत नव्हतं.

गोंगाट ऐकून बड़ी बहनजी आल्या. त्यांनी पेले निरखले, मग पर्समधून आपली पित्तावरची गोळी काढली. "इसका क्या होगा?" चुन्यावाल्या मुलीनं गोळी बत्त्यानं कुटून पेल्यात टाकली. पाणी हळूहळू निळं होत गेलं, तशा बहनजी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवू लागल्या.

मग भानावर येऊन त्यांनी विचारलं, "तो साइंस कौन-कौन लेगा?"

एकही हात वर गेला नाही. चुन्यावाली उभी राहिली. "मैडम, आप लोगों का तो ट्रांसफ़र हो जाता है. हमने ले लिया और आप चली गईं, तो?"

मी पुढचामागचा विचार न करता म्हटलं, "बारहवीं तक मैं कहीं नहीं जाऊँगी."

हात वर झाले, एक बेंच काय, दोन बेंच भरतील इतके. मी हसत होते, रडत होते, सगळं एकदमच.

जूनमध्ये नवऱ्याची आसामला बदली झाली. मी भीत भीत म्हटलं, "अहो, मी मुलींना शब्द दिलाय." त्यानं ट्रंक उघडून फक्त स्वतःचे कपडे भरले. क्वार्टर रिकामं करावं लागलं, म्हणून मी लखनौच्या इंदिरा नगरात एक खोली भाड्यानं घेतली. त्याला चारबाग स्टेशनवर सोडलं, गाडी हलली तेव्हा पोटभर रडून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरावीच्या पहिल्या तासाला वेळेवर हजर झाले.