वीणा मॅडमचे हार

मॅडमच्या अंगावरचे हार मी स्मशानातून परत आणले.

घरी नाही नेले. आईने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. थेट कॅम्पसात नेले, हॉस्टेलमागच्या खड्ड्यावर.

आज मॅडमचं बारावं. म्हणून सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल लालबागची पोरगी येडी झाली.

वीणा मॅडम आमच्या युनिव्हर्सिटीत बॉटनी शिकवायच्या. गिरगावच्या. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज आणि नखांत कायम माती.

लेक्चरला उशिरा आलात तर एकवेळ चालायचं. केळ्याची साल डस्टबिनमध्ये टाकताना दिसलात, की मेलात.

तो खड्डा त्यांनी भांडून मिळवला होता. कॅन्टीनचं उरलेलं अन्न, कॅम्पसातला पालापाचोळा आणि आम्हा पोरांच्या घरचं निर्माल्य, सगळं त्यात एकत्र टाकायचं आणि खत करायचं.

आमच्या आया जाम खूश. निर्माल्याची पिशवी घेऊन माहीमच्या खाडीपर्यंत कोण जाणार?

पण खत काही होईना. वास मात्र असा सुटला की हॉस्टेलच्या मुली खिडकी उघडेनात.

रजिस्ट्रार सरांनी शेवटचं सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर वास आला, तर खड्डा बुजवून वर पेव्हर ब्लॉक. बाइक पार्किंगची सोय होईल.

मॅडमना मी घाबरलेलं तेव्हाच पाहिलं. अख्ख्या कॅम्पसात उघडी जमीन तेवढीच उरली होती. ती गेली असती तर पुन्हा मिळणार नव्हती.

मग एका सकाळी खड्डा उकरताना फावडं विटांना लागलं.

पाल्याखाली, खड्ड्याच्या बरोब्बर मधोमध, विटांची ओळ. एका बाजूला कॅन्टीनचं खरकटं, नुसता चिखल. दुसऱ्या बाजूला देवाची फुलं, दूर्वा आणि सगळा सुका पाला, कोरडा ठणठणीत. एक बाजू सडत होती, दुसरी वाळत होती. खत होणार कुठून?

हे काम सुषमाकाकूंचं. काकू कॅन्टीन चालवतात. डिलाईल रोडला राहतात, मूळच्या मालवणच्या. खड्ड्यात रोजचं टाकायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं.

काकूंनी लपवलं नाही. देवाच्या फुलांवर पोरांचं उष्टं टाकायचं? जीव गेला तरी आपल्या हातून ते होणार नाही, म्हणाल्या.

आणि खरं सांगू? आमच्यातल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याही घरी असंच असतं.

मला वाटलं, आता मॅडम कार्बन-नायट्रोजनचं लेक्चर सुरू करणार. त्यांनी फक्त फावडं बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या देवघरातलं निर्माल्य पितळी ताटलीत घेऊन आल्या. जास्वंद, तुळस, दोन बेलाची पानं. शूज काढले. खाली बसून एकेक वीट उचलून बाजूला ठेवली.

मग ती फुलं त्यांनी त्या खरकट्यावर ठेवली. टाकली नाहीत, ठेवली. देवाला वाहतात तशी.

मग काकूंकडे वळून मॅडमनी विचारलं,

"काकू, तुमच्या घरी गणपती कशाचा आणता?"

"मातयेचो."

"मग इथे मातीच होतेय. होऊ दे ना."

काकू कॅन्टीनमध्ये गेल्या, हात धुऊन आल्या. लक्षात घ्या, कचऱ्याला हात लावायच्या आधी हात धुतले. मग फावडं घेतलं आणि सगळं एकत्र कालवलं.

सुट्टी संपली आणि पहिल्याच सकाळी वास गेलेला, खड्ड्यातून वाफ निघताना दिसली.

"हात घाल आत," मॅडम मला म्हणाल्या. "घाबरतेस काय, चावत नाही."

कोपरापर्यंत घातला. गरम! ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं गरम.

खाली चूल नाही, वायर नाही, काही नाही. उरलेला भात, जास्वंद आणि पाला. अंगावर सर्रकन काटा आला. आत्ता टाइप करतानाही आलाय.

"जिवंत आहे गं ते," मॅडम हळूच म्हणाल्या.

रजिस्ट्रार सर आले, बाही वर करून त्यांनीही हात घातला. पेव्हर ब्लॉकचा विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हापासून प्रत्येक नव्या बॅचचा पहिला धडा तोच. पुस्तक नंतर, आधी हात घाल आत.

मॅडम गेल्या त्या दिवशी मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा त्यांना खाली ठेवलं होतं. मी हात हातात घेतला. इतका गार लागला की मी पटकन सोडला.

स्मशानात आत नेण्याआधी हार काढून कोपऱ्यात टाकले. गुलाब, निशिगंध, झेंडू, ढीगभर. तेवढ्यात काकूंचा फोन.

"हार थंय टाकू नको गो. घेवन ये."

मलाच पटेना. मढ्यावरची फुलं? देवाच्या फुलांत? आणि हे सांगतंय कोण, तर खरकट्याला देवाची फुलं लागू नयेत म्हणून विटा लावणारी बाई!

काकू गेटवरच उभ्या होत्या. आम्ही दोघींनी बसून हारांचे दोरे आणि जरी काढली, ती कुजत नाही. मग काकूंनी फुलं खड्ड्यात मधोमध ठेवली. त्या दिवशीच्या भातावर, कुणाच्या तरी घरच्या दूर्वांशेजारी. वर पाला पसरला आणि नमस्कार केला.

ज्यांना मॅडमना फुलं वाहायचीत, त्यांनी फोटोला वाहू नका. खड्ड्यावर आणा. दोरा काढून आणा, नाहीतर काकू ओरडतील.

आज सकाळी बाराव्याला जाण्याआधी मी तिथे गेले. काकू माझ्या आधी हजर. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या,

"हात घाल."

घातला.

मॅडम, गरम होतं.

त्या दिवशी तुमचा हात मी लगेच सोडला. आज बराच वेळ तसाच ठेवला.

येते, मॅडम.