नवाचा ताळा सोडणाऱ्या वत्सलाताई

वत्सलाताई गेल्याचं पोस्टकार्ड बुधवारी दुपारच्या टपालानं आलं. मी शाळेत भूगोलाच्या वह्या तपासत बसले होते. त्यांच्या पुतण्यानं चारच ओळी लिहिल्या होत्या. आजार फार लांबला नाही, शेवटपर्यंत शुद्ध होती, तुमची आठवण काढत होत्या. मी कार्ड उलटं ठेवलं आणि पुढची वही उघडली, पण चिखलदऱ्याच्या जागी एका मुलीनं अचलपूर लिहिलं होतं, ते मला दिसलंच नाही. बरोबरची खूण करून मोकळी झाले. नंतर ती खूण खोडताना वाटलं, आता असं झालं तर सांगायचं कुणाला?

वत्सलाताई अमरावतीच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि मी अकोल्यात भूगोल. गाठ पडली ती एका परीक्षेमुळे. वऱ्हाडातल्या काही खासगी शाळांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. खेड्यापाड्यांतल्या मुलींना शिक्षिका होता यावं म्हणून ते परीक्षा घ्यायचं. निकालाचं काम मे महिन्यात, अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका भाड्याच्या खोलीत चालायचं. परीक्षकांकडून गुणांचे तक्ते यायचे. ते मोठ्या निकालवहीत उतरवायचे आणि मग बेरजा करायच्या. उतरवण्याचं काम माझ्याकडे होतं. उतरवलेलं बरोबर आहे की नाही, हे वत्सलाताई पाहायच्या.

पाहायच्या म्हणजे ताळा घ्यायच्या. तक्त्यातल्या रकान्यावरून त्यांचं बोट भरभर खाली उतरायचं. ओठ हलायचे, आवाज नसायचा. अंक मिळवत जायचे, नऊ भरले की टाकून द्यायचे आणि शेवटी जे उरेल ते रकान्याखाली लिहायचं. मग तेच निकालवहीत. दोन्हीकडे एकच अंक आला की म्हणायच्या, "बरोबर." तीनशे मुलींचा रकाना त्या सुपारी कातरायच्या वेळात संपवत. हा नवाचा ताळा त्यांच्या वडिलांनी शिकवलेला. वडील भिक्षुकी करायचे, पंचांगाचं गणित स्वतः मांडायचे. घरात मुलगा नव्हता, म्हणून ते सगळं मुलीला दिलं. "बाबांचा ताळा कधी फसला नाही," असं त्या म्हणायच्या, आणि आम्हा कुणाला त्यात शंका घ्यावीशी वाटली नाही.

ते वर्ष पंचावन्न-छप्पनच्या आसपासचं असावं. निकाल जूनमध्ये लागला. दिवाळीनंतर प्रमाणपत्रं लिहायला आम्ही दोघी पुन्हा त्या खोलीत बसलो होतो. जुने तक्ते बांधून ठेवावेत म्हणून मी चाळत होते. गणिताच्या तक्त्यात तेल्हाऱ्याकडच्या एका मुलीचं नाव दिसलं. यमुना पुंडलिक. गुण त्रेसष्ट. नाव लक्षात राहण्याचं कारण एवढंच, की तिच्या नावाचं प्रमाणपत्र आमच्या ढिगात नव्हतं. मी निकालवही उघडली. तिथे छत्तीस होते. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागायचे.

अक्षर माझं होतं.

मी वही वत्सलाताईंसमोर ठेवली. त्यांनी तक्ता पाहिला, वही पाहिली आणि पुन्हा ताळा घेतला. दोन्हीकडे तोच अंक आला. तिसऱ्यांदाही घेतला. मग बोट तिथेच ठेवून म्हणाल्या, "सहा आणि तीन नऊ. तीन आणि सहा नऊ. उलटं लिहिलं तरी याला कळत नाही..." मी रडायला लागले, तेव्हा वर न बघता म्हणाल्या, "तू चुकीचं लिहिलंस. पण बरोबर मी म्हटलं."

मंडळाचे चिटणीस चांगले गृहस्थ होते. त्यांना वाद नको असायचा. ते म्हणाले, "फेरतपासणीत गुण वाढले असं कळवून टाकू. मुलीचंही भलं, मंडळाचंही." वत्सलाताई म्हणाल्या, "फेरतपासणी झालेलीच नाही. पत्र तुम्ही पाठवा, पण मी आधी जाऊन येते." मी सोबत निघाले. चुकले मी होते, घरी बसवेना.

तेल्हाऱ्याला मोटारीनं उतरलो, तिथून गाव दीड कोस. कापसाची वेचणी चालू होती, घरात कुणी नव्हतं. शेजारच्या बाईनं शेत दाखवलं. यमुना ओटीत कापूस भरून कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून येत होती. सतरा-अठरा वर्षांची, उन्हानं काळवंडलेली. तिचे वडील पुंडलिकराव धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी आले. मास्तरणी कशाला आल्या, हे त्यांना कळेना. वत्सलाताईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, "तुमची मुलगी पास झाली होती. आम्ही तिला नापास केलं. गुण उतरवताना चूक झाली आणि ती पकडायचं काम माझं होतं, मी पकडली नाही."

पुंडलिकरावांनी डोक्याचं मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं. मग म्हणाले, "बाई, पाच महिने झाले. पोरीनं सांगतलं होतं मले, का बाबा, माहे गणितं बरोबर होते. मी म्हटलं, खोटं बोलून राहिली. आमी तिलेच बोललो." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हतं. वत्सलाताईंनी हात जोडले. "ते मला परत करता येत नाही," एवढंच म्हणाल्या.

यमुना मात्र वेगळ्याच विचारात होती. तिनं ओटीतला कापूस गठोड्यावर रिता केला आणि विचारलं, "पण तपासलं असंन ना कोणी? मंग सापडलं कावून नाई?" वत्सलाताई खाली बसल्या आणि काडीनं काळ्या मातीत दोन्ही आकडे लिहिले. ताळा कसा घेतात ते दाखवलं. पोर उकिडवी बसून बघत होती. तिला एकदाच सांगावं लागलं.

"म्हंजे आकडे उलटे झाले का याले काईच दिसत नाई."

"नाही दिसत."

"मंग हा ताळा ठेवता कावून तुमी?"

वडील दटावणार होते, पण वत्सलाताईंनी हातानं थांबवलं. आम्ही त्यांच्याकडे भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. पुंडलिकरावांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या मोटारीत अकोट मागे पडल्यावर वत्सलाताई म्हणाल्या, "बाबांनी शिकवलं म्हणून मी त्याच्याकडे कधी बघितलंच नाही गं. नुसतं वापरलं."

पुढच्या मे महिन्यात त्या आल्या त्या अकराचा ताळा घेऊन. दोन अंकी गुण असले की एककातून दशक वजा करायचा. वजा होत नसेल तर अकरा मिळवायचे आणि उरेल ते पुढे मिळवत जायचं. अकरा भरले की टाकायचे. त्रेसष्टाचे आठ येतात, छत्तिसाचे तीन. अंक उलटे झाले की ताळा जमत नाही. चिटणीस म्हणाले, "आणि इतक्या वर्षांच्या जुन्या वह्या? त्या चुकीच्या म्हणायच्या का?" वत्सलाताई म्हणाल्या, "जुन्या वहीत खाडाखोड करायची नाही. ती वाचायची तर जुन्याच ताळ्यानं वाचावी लागेल. पण नवं पान एकही त्या ताळ्यानं लिहायचं नाही." प्रत्येक जुन्या वहीवर त्यांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी डकवली, 'या वहीचा ताळा नवाचा आहे.' जिथे जुने तक्ते सापडले, तिथे आम्ही पुन्हा पडताळून पाहिलं. आणखी एका ठिकाणी अंक उलटे निघाले, पण त्यानं कुणाचा निकाल बदलत नव्हता. जे तक्ते रद्दीत गेले होते, त्यांचं काही करता आलं नाही. ते त्यांना लागून राहिलं.

पहिल्या वर्षी त्यांचं बोट फार हळू चालायचं. सवयीनं नऊ टाकून बसायच्या, स्वतःवर चिडायच्या, रकाना पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या. पन्नाशीच्या बाईला पाटीवर वजाबाक्या करताना पाहून कुणी हसलं तर म्हणायच्या, "हसा. पण माझ्यानंतर तुम्हीही एकदा मोजा." तीनेक वर्षांत हात पुन्हा चालू लागला. त्याच सुमारास यमुना त्या टेबलाशी येऊन बसली. ती तेल्हाऱ्याच्या शाळेत लागली होती. वत्सलाताईंपेक्षा तिचा ताळा लवकर व्हायचा, आणि त्याचं कौतुक वत्सलाताईच सगळ्यांत जास्त करायच्या.

मागच्या रविवारी मी अमरावतीला जाऊन आले. पुतण्यानं त्यांची खोली तशीच ठेवली आहे. खिडकीपाशी खुर्ची, उशाला चष्मा आणि एक शंभर पानी वही. "हिचं काय करावं कळत नाही," तो म्हणाला, "आत नुसते आकडे आहेत." मी वही घेऊन खुर्चीत बसले. अंथरुणाला खिळल्यावरही त्या अकराच्या ताळ्याला फसवून पाहत होत्या. एका मुलीचे गुण दुसरीच्या नावापुढे आणि दुसरीचे पहिलीच्या, असं झालं तर? बेरीज तीच, ताळा जमतो, चूक दिसत नाही. अशी पानंच्या पानं भरली होती. अक्षर पुढे पुढे वाकडं होत गेलेलं. शेवटच्या पानावर रेघ मारून खाली लिहिलं होतं:

'यमुनाबाईंना दाखवणे. हाही ताळा पुरत नाही. याहून बरा सापडला की हा खुशाल बंद करावा. मला काय वाटेल याचा संकोच धरू नये.'

वही मी पुतण्याकडून मागून घेतली. शनिवारी तेल्हाऱ्याला जाते आहे.